वस्त्रगाळ राख

ओढ्याचं पाणी बिघडलंय हे वस्तीत सगळ्यांच्या आधी परटिणीला कळलं, कारण साबणाला फेस येईना. एरवी दोन हात फिरवले की कोपरापर्यंत फेस चढायचा. आता वडी अर्धी झिजली तरी पाण्यावर नुसता करडा तवंग यायचा, आणि दवाखान्याच्या चादरी वाळल्यावर पिवळट दिसायच्या. दोन गाठोडी परत आली. "हे धुतलंय की मळवलंय?" असं दवाखान्याच्या मुकादमाने तिला फाटकातच, चारचौघांत विचारलं. पस्तीस वर्षं दगडावर कपडे आपटलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. ती काही न बोलता गाठोडं डोक्यावर घेऊन परत फिरली.

बोलली नाही म्हणजे रागच फार होता. एरवी तिची जीभ कुणाच्या बापाला भीत नसे. वस्तीत तिला पाठीमागे 'तुरटी' म्हणत. तोंडाला कडू, पण गढूळ पाण्यात फिरवली की तळ दिसतो. हे नाव तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

पण चादरींचं दुःख चादरींपाशीच राहिलं असतं तर बरं झालं असतं. त्याच उन्हाळ्यात वस्तीतली पोरं सुकायला लागली. सुताराचा थोरला मुलगा पोट धरून शाळेतून घरी यायचा. शिंप्याच्या मुली पांढऱ्याफटक पडल्या. आणि परटिणीची नात, चार वर्षांची चिमी, जी दिवसभर आजीच्या पायात पायात करायची आणि "आजी, हे काय? आजी, ते कशाला?" करून जीव नको करायची, ती गप्प झाली. बसल्या जागी गुडघे पोटाशी घेऊन आडवी व्हायची. बादलीला बादली म्हणता म्हणता अडखळायची आणि आजीच्या तोंडाकडे बघत राहायची. ते बघणं परटिणीला सोसत नसे.

"पोरं वाढीला लागली की अशीच होतात," म्हातारा म्हणाला. म्हातारा म्हणजे तिचा नवरा. कंबर गेल्यापासून तो धुण्याच्या दगडावर उतरत नव्हता. अंगणातली भट्टी तेवढी सांभाळायचा.

"वाढीला लागलेली पोर शब्द विसरते होय?" ती म्हणाली. "ह्या पाण्यात काहीतरी आहे. आणि ते कुणी सोडलंय हे आंधळ्यालाही दिसेल."

वरच्या अंगाला रंगाचा कारखाना होता. त्याचा नळ ओढ्यात उतरतो हे सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत असून गप्प बसायची सगळ्यांना सवय होती. निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी तिथे कामाला जायचं. परटिणीचा मुलगाही तिथेच, मालाच्या गाडीवर. महिन्यातून दोनदा घरी यायचा.

परटिणीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कापड तिला वाचता येत होतं. तिने एका जुन्या चादरीच्या हातभर लांब नऊ पट्ट्या फाडल्या, नऊ काठ्यांना बांधल्या आणि सुनेला घेऊन ओढ्याने वर निघाली. पहिली काठी धुण्याच्या दगडापाशी, दुसरी गाईच्या उतारापाशी, असं करत आठवी नळाच्या तोंडाखाली आणि नववी नळाच्याही वर, जिथे पाणी खडकातून येतं तिथे रोवली. कारखान्याचा पहारेकरी कुंपणाच्या आतून ओरडला.

"ए बाई, काय चाललंय?"

"वाळत घालतेय," ती म्हणाली.

"पाण्यात?"

"तुमच्या पाण्यात कसं वाळतं ते बघायचंय."

तिसऱ्या दिवशी तिने पट्ट्या काढल्या. वरची पांढरी होती. नळाखालची अशी पिवळी, की पिळली तरी हाताला रंग लागत होता. तिथून खाली एकेक पट्टी फिकी होत आली होती, पण पांढरी एकही नव्हती. त्या पट्ट्या तिने क्रमाने दोरीवर टांगल्या आणि वस्तीला बोलावून दाखवल्या. मास्तरांनी त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला. आरोग्य केंद्रातली नर्सबाई येऊन वीस मुलांचं रक्त घेऊन गेली. कारखान्याच्या साहेबानेही, अंगठे आणि सह्या बघून, गुरुवारी शाळेत येऊन ऐकून घ्यायचं कबूल केलं. वस्तीत परटिणीचा भाव वधारला. पाण्याला येणाऱ्या बाया तिला पुढे जायला वाट देऊ लागल्या. खरं सांगायचं तर चार दिवस ती थोडी तोऱ्यातच वावरली, आणि का वावरू नये?

सोमवारी नर्सबाई कागद घेऊन आली. ती थेट परटिणीच्या ओसरीवर बसली आणि आधी पाणी मागितलं.

"वीसपैकी चौदा जणांच्या रक्तात शिसं निघालंय," ती म्हणाली. "थोडंथोडकं नाही."

"शिसं म्हणजे?"

"धातू आहे. जड असतो. लहान मुलांच्या पोटात गेला की पोट दुखतं, रक्त कमी होतं, डोकं चालेनासं होतं. लवकर थांबवलं तर बरंच सुधारतं." नर्सबाईने यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं. "सगळ्यात जास्त तुमच्याकडे आहे, मावशी. चिमीच्या."

सून दारात उभी होती. तिने तिथेच खाली बसकण मारली. परटीण मात्र उठली, आतून एक जुनी पांढरी चादर घेऊन आली आणि ओसरीवर अंथरली. प्रत्येक घराच्या कपड्यांवर घालायची तिची एक खूण होती, कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. सुताराची फुली, शिंप्याची दोन टिंबं, मास्तरांची आडवी रेघ, गवळणीचा गोल. न जाणाऱ्या काळ्या शाईने तिने चादरीवर वस्ती मांडली. ओढा कुठे, वाट कुठे, कुणाचं घर कुठे. मग लाल दोऱ्याची सुई घेतली.

"वाचा," ती म्हणाली.

नर्सबाई वाचत गेली आणि ही प्रत्येक आजारी पोरामागे त्या त्या खुणेवर एक टाका घालत गेली. स्वतःच्या घराच्या खुणेवर टाका घालताना सुई बोटात गेली, ते बोट तिने तोंडात धरून चोखलं. यादी संपली. दोघी चादरीकडे बघत राहिल्या.

टाके ओढ्याकाठी दाटायला हवे होते. तसे ते नव्हते. सुताराचं घर पार टेकाडावर. ते हापशाचं पाणी भरायचे, ओढ्याकडे फिरकायचेही नाहीत. त्यांच्या फुलीवर टाका होता. आणि गवळणीचं घर ओढ्याच्या अगदी तोंडावर. तिची तिन्ही पोरं गाईंबरोबर दिवसभर त्याच पाण्यात डुंबायची. तिचा गोल कोरा होता.

"तिची पोरं तपासली का नीट?" परटिणीने विचारलं.

"तिघंही तपासली. ठणठणीत आहेत."

"असं कसं?"

"मलाही तेच कळेना," नर्सबाई म्हणाली. "पाण्यात रंग आहे, ते वाईट आहेच. पण शिसं पाण्यातून आलं असतं तर आधी काठावरच्यांना लागलं असतं. पोरांच्या तोंडात आणखी काय जातं ते बघा, मावशी. माती, खेळणी, भांडीकुंडी, काहीही. तुम्हाला ह्या वस्तीतलं घर नि घर माहितीये."

घर नि घर माहीत होतं, एक सोडून. गवळणीशी तिचं गेल्या वर्षापासून वाकडं होतं. गवळणीची गाय वाळत घातलेल्या धुण्यात घुसली होती आणि दवाखान्याच्या अकरा चादरी तिने शेणामातीत तुडवल्या होत्या. परटीण म्हणाली, गाय बांधता येत नाही तर पाळतेस कशाला. गवळण म्हणाली, ओढ्याचा काठ काय तुझ्या माहेरून आणलास. तेव्हापासून बोलणं बंद, देणं-घेणं बंद. बाजूने गेल्या तरी पदर सावरून जायच्या.

मंगळवारी सकाळी परटीण त्या दारात जाऊन उभी राहिली. गवळण दुधाची चरवी घासत होती. तिने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"आज सूर्य कुठून उगवला?" ती चरवीलाच म्हणाली.

"मला एक विचारायचंय," परटीण म्हणाली.

"विचार की. तू वस्तीची पुढारीण. आम्ही नाही म्हणणारे कोण?"

परटिणीने ते गिळलं. "तुझी पोरं खातात काय?"

"नजर लावायला आलीस?"

"नाही गं बाई. माझी चिमी आजारी आहे." हे ऐकून गवळणीचा हात थांबला. "सगळ्यांच्या पोरांत निघालंय, तुझ्यात नाही. तू वेगळं काय करतेस ते सांग. मी पाया पडते तुझ्या."

गवळणीने विचार केला. आता तिच्या बोलण्यातला काटा जरा कमी झाला होता. "वेगळं काय करणार? तेच धान्य, तेच दुकान. पाणीही ह्याच ओढ्याचं, उकळून पितो इतकंच. दूध पोरांना जास्त मिळतं म्हणावं, तर शिंप्याकडेही माझंच दूध जातं." ती पुन्हा चरवी घासू लागली. "एक तेवढं वेगळं. तुझी राख आमच्याकडे नाही. भांडण झालं त्या दिवशी तू डबा परत मागून नेलास, आठवतं? त्यानंतर मी मातीनेच घासते. भांडी काही तुमच्यासारखी लखलखत नाहीत, पण चालतं."

परटीण बघत राहिली. चरवीच्या पोटावर ओल्या तांबड्या मातीचे वळसे होते.

तिच्या भट्टीची राख म्हणजे वस्तीतली मिरवायची वस्तू होती. वर्षातून दोनदा घरोघरच्या गोधड्या तिच्याकडे धुवायला यायच्या, आणि धुतलेल्या गोधडीवर ती राखेचा डबा ठेवून पाठवायची, वरकड म्हणून. इतर कुणी देतं तशी खड्या-कोळशाची राख नव्हे. ती राख जुन्या मलमलीतून चाळायची, दोनदा. पिठासारखी व्हायची. वस्त्रगाळ. भांडं घासलं की तोंड दिसावं. बाया म्हणायच्या, अलीकडे तुमची राख फारच छान येते हो, आणि ती म्हणायची, हाताचा गुण आहे.

अलीकडे म्हणजे वर्षभरात. वर्षभरापूर्वी रानातलं सरपण बंद झालं. रानाला कुंपण घातलं गेलं. तेव्हा म्हाताऱ्याने भंगारवाल्याशी दोस्ती केली. भंगारवाला जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या फोडायचा, आतला जड धातू काढून घ्यायचा, आणि वरच्या काळ्या खोक्यांचे तुकडे त्याला टाकायला जागा नव्हती. ते तो पोती भरभरून फुकट आणून टाकायचा. दगडी कोळशासारखे जळायचे. धूर काळा यायचा, पण धग अशी की हंडा पाव वेळात उकळायचा.

आणि ती राख चाळायला बसली की चिमी मांडीला मांडी लावून बसायची. मलमलीखाली हात धरायची. मऊ मऊ पडतंय, म्हणायची.

परटीण गवळणीच्या दारातून न बोलता निघाली. मागून गवळण म्हणाली, "अगं, झालं काय?" तिने हात हलवला फक्त. घरी येऊन तिने पोत्यातला एक काळा तुकडा उचलला, पदरात गुंडाळला आणि दोन कोस चालत आरोग्य केंद्रावर गेली. नर्सबाईपुढे तो टेबलावर ठेवला.

"आम्ही हे जाळतो," ती म्हणाली. "ह्याची राख मी वाटते."

नर्सबाईने तुकडा हातात घेतला नाही. कागदाने उलटा केला. आतल्या कडेला करड्या भुकटीचा थर चिकटलेला होता.

"किती घरांना?" तिने विचारलं.

"एक सोडून सगळ्यांना."

नर्सबाईने डोळे मिटले आणि उघडले. "आजपासून भट्टी बंद. राख कुणाच्याही हाताला लागता कामा नये. उरलेली ओढ्यात टाकायची नाही, झाडायची नाही. झाकण लावून इथे आणा. मी शिशाच्या कचऱ्याची सोय करते. आणि मावशी, तुम्हाला माहीत नव्हतं."

"पोराच्या पोटाला ते कळतं का?" परटीण म्हणाली.

म्हातारा भट्टीत सळई घालून निखारे वर करत होता. तिने पाण्याची बादली उचलली आणि भट्टीवर ओतली. फस्सकन वाफ उठली. म्हातारा मागे कोलमडला.

"डोकं फिरलं का तुझं?"

तिने सांगितलं. एकदा सांगितलं, त्याला कळेना म्हणून दुसऱ्यांदा सांगितलं. तो ओट्यावर टेकला. त्याची नजर आतल्या दाराकडे गेली, तिथे चिमी गुडघे पोटाशी घेऊन झोपली होती. त्याचा खालचा ओठ हलायला लागला. मग तो बोलला ते असं:

"परवा गुरुवार आहे."

"माहितीये."

"साहेब येणार. आज तू हे बोललीस, तर तो काय म्हणेल? म्हणेल, तुमचंच पाप, आमच्या नळाचं नाव कशाला घेता? हात दाखवून अवलक्षण. पोराची नोकरी तिथे. मास्तर तुझं तोंड बघणार नाहीत." तो पुढे झुकला. "नवी राख द्यायची नाही, बस. भट्टी मोडली म्हणू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि घराघरांत डबे भरलेत ते?"

"दोन दिवसांनी काय होतंय? वर्षभर चाललंच ना?"

हे त्याच्या तोंडून निघून गेलं आणि त्यालाच ते ऐकवेना. त्याने तोंड फिरवलं. परटिणीला त्याचा संताप आला आणि कीवही आली. पोती त्याने आणली, पण मलमल तिची होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"डबे मी गोळा करते," ती शेवटी म्हणाली. "कारण नाही सांगत. दुसरी चांगली राख देते म्हणते."

"हे शहाणपणाचं," म्हातारा म्हणाला.

बुधवारी सकाळी झाकणाचं पत्र्याचं पिंप हातगाडीवर घालून ती निघाली. पहिलं घर तिने मुद्दाम टेकाडावरचं धरलं, सुताराचं. सुतारीण पंचविशीची, मनाने भोळी, परटिणीला आत्या म्हणायची. धाकटं मूल कडेवर होतं, त्याला दात येत होते, तोंडातून लाळ गळत होती.

"राख परत? का हो आत्या?"

"जरा खडे राहिलेत ह्या वेळच्याला. बदलून देते."

"कुठले खडे? लोण्यासारखी आहे." पण तिने डबा आणून दिला. परटिणीने तो पिंपात जपून उपडा केला. हात भरला तो पदराला पुसणार तोच थांबली. पुसायला आणलेलं ओलं फडकं घेतलं. सुतारीण हसत म्हणाली, "तेवढी एक डबी ठेवून घेतलीये हं मी. ह्याच्यापुरती."

"कुणाच्या?"

"ह्याच्या. हिरड्या शिवशिवतात ना. बोटावर घेऊन चोळते सकाळ-संध्याकाळ, लगेच गप्प होतो. तुमची राख म्हणून बिनघोर लावते, आत्या. दुसऱ्या कुणाची लावली नसती."

परटीण "बरं" म्हणाली. तिने हातगाडीचा दांडा धरला, वळवली, आणि उतारावर दहा पावलं गेलीही. दहा पावलं. नंतरच्या आयुष्यात तिला चादरी आठवल्या नाहीत, साहेब आठवला नाही, पण ही दहा पावलं तिला रोज आठवत. मग तिने गाडी दगडाला टेकवली आणि परत चढली.

"ती डबी आण," ती म्हणाली.

"अहो पण..."

"आण म्हणते ना! विष आहे ते!"

सुतारीण हसू तोंडावर तसंच ठेवून उभी राहिली. परटिणीने सांगितलं. दारातच, उभ्यानेच, काही न लपवता. बॅटरीचे तुकडे, भट्टी, मलमल, शिसं. थोरल्याचं पोट का दुखतं ते सांगितलं. खडे आहेत म्हणाले ते खोटं होतं, हेही सांगितलं. सांगताना तिने सुतारिणीच्या डोळ्यांत बघायचं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. ती बाळाच्या पायांकडे बघून बोलली.

सुतारिणीने बाळ आडवं धरलं, रांजणाकडे पळाली, आणि ओल्या फडक्याने त्याच्या हिरड्या पुसायला लागली. पुन्हा पुन्हा पुसत राहिली. बाळ किंचाळायला लागलं तरी पुसत होती. "अगं, हळू, रक्त येईल," म्हणत परटीण पुढे झाली, तेव्हा ती किंचाळली, "हात लावू नका! तुम्ही हात लावू नका!"

डबी उंबऱ्यावर पडली होती. परटिणीने ती वाकून उचलली, पिंपात टाकली आणि दुसऱ्या घराकडे निघाली.

आता झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं. उलट जीभ सुटल्यासारखी झाली. प्रत्येक दारात ती तेच वाक्य म्हणाली: "माझ्या राखेत शिसं आहे, त्यानेच पोरं आजारी पडलीत, डबा परत द्या." शिंपिणीने डबा तिच्या हातात न देता जमिनीवर ठेवला आणि पायाने पुढे सरकवला. एका सासूने विचारलं, "मग चार दिवस तोरा कसला मिरवत होतीस?" एकीला पटेचना, ती म्हणाली, राखेने कुणी मेलंय का कधी, आमची आजी ह्याच राखेने दात घासायची. तिच्याशी अर्धा तास डोकं फोडावं लागलं. लाकडाची राख वेगळी, ही वेगळी. डबा शेवटी तिच्या सुनेने मागच्या दाराने आणून दिला. उन्हाने पत्रा इतका तापला की पिंपाला हात लागला की भाजायचं.

मास्तर अंगणात उभे होते. त्यांच्यापर्यंत बातमी आधीच पोचली होती.

"गुरुवारपर्यंत थांबला असतात तर?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माणूस यायला तयार झाला. आता हसत येईल."

"येऊ दे," ती म्हणाली. "तुमचा डबा कुठे आहे?"

"निदान सभेत तरी गप्प राहा."

"डबा, मास्तर."

शेवटी ती ओढ्यावर आली, हात धुवायला. गवळण गाईला पाणी दाखवत होती. तिनेही सगळं ऐकलं होतं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," गवळण म्हणाली. एवढं म्हटल्याशिवाय तिला राहवणारच नव्हतं. मग तिने स्वतःच्या घरातून घागरभर उकळून निवलेलं पाणी आणलं आणि परटिणीच्या हातावर धरलं. "इथलं नको घेऊ. कोपरापर्यंत धू. नखं काढ." परटिणीने हात धुतले. तिला रडू आलं ते तिने येऊ दिलं, आणि गवळण घागर तिरपी धरून तशीच उभी राहिली.

गुरुवारी शाळेच्या खोलीत सगळी वस्ती आली. परटिणीच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहिली. नंतर गवळण येऊन एका बाजूला बसली. साहेब खरोखरच हसत आला. त्याला सगळं कळलेलं होतं. वस्तीत बातमी आणि कारखान्यात बातमी ह्यांत अंतर ते किती.

"मला मनापासून वाईट वाटतं," तो म्हणाला. "लहान मुलांचा प्रश्न आहे. पण कारण सापडलंय, आणि ते तुमच्याच घरातलं निघालंय. ह्या बाईंनी स्वतः कबूल केलंय म्हणे. त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं पाहिजे." त्याने घड्याळ पाहिलं. "मग आमचा विषय संपला, असं धरायला हरकत नाही."

मास्तरांनी मान खाली घातली. मागे सुताराचा थोरला पोट धरून बसला होता.

परटीण उठली. बगलेतलं गाठोडं तिने साहेबापुढच्या टेबलावर सोडलं. आधी लाल टाक्यांची चादर काढली आणि पसरली.

"हे चौदा टाके," ती म्हणाली. "हे माझे. ह्यात तुमचा एकही नाही. सगळ्यांसमोर सांगते." मग तिने त्या नऊ पट्ट्या काढल्या आणि चादरीच्या काठाने, जिथे शाईचा ओढा काढला होता तिथे, एकेक करून मांडल्या. पिवळी, त्याहून फिकी, त्याहून फिकी. पांढरी सगळ्यात वर. "आणि ह्या तुमच्या. ह्यात माझ्या राखेचा कण नाही. नळाच्या वर पाणी पांढरं आहे, नळाच्या खाली पिवळं आहे."

"बाई, रंगाने कुणी आजारी पडल्याचा पुरावा..."

"मीही हेच म्हणणार होते, साहेब. राखेने कोण आजारी पडतं?" तिचा आवाज चढला नव्हता. "मी काल दारोदार फिरले. माझी मी उचलून आणली. लोकांनी डबे पायाने सरकवले, ते वाकून उचलले. आता तुमचं तुम्ही उचला."

साहेबाचं हसू तोंडावरून गेलं नाही, पण ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना झालं. तो म्हणाला, नमुने घेऊ, बघू, वरिष्ठांना कळवू. नर्सबाई म्हणाली, नमुने आजच घेऊ, बाटल्या मी आणल्यात, तुम्ही सोबत चला. आणि तो उठायचा विचार करत असतानाच मागून सुतारीण उठली. बाळ कडेवर होतं. ती सरळ टेबलापाशी आली. परटिणीकडे तिने पाहिलंही नाही. तिने नळाखालची सगळ्यात पिवळी पट्टी उचलली, साहेबाच्या हातात दिली आणि ती घट्ट धरेपर्यंत तिथेच उभी राहिली.

सभा मोडली. लोक ओढ्याकडे निघाले. परटीण चादरीची घडी घालत मागे राहिली. सुतारीण दारात थांबली होती.

"आत्या," ती म्हणाली. "बोटाच्या टोकावर मावेल एवढी. दिवसातून दोनदा. महिनाभर. किती झालं असेल?"

परटिणीला हिशेब येत नव्हता. आला असता तरी तो शब्दांत सांगता आला नसता.

"माहीत नाही गं," ती म्हणाली. "उद्या त्याचं रक्त देऊ. मी येते तुझ्याबरोबर."

सुतारिणीने हात पुढे केला आणि चादरीवरची आपली फुली शोधून तिच्यावर बोट ठेवलं.

"इथे आणखी एका टाक्याची जागा ठेवा," ती म्हणाली, आणि बाळाला घेऊन वाटेला लागली.